जहाजावर चढताना विचारलेला प्रश्न

लेकीनं फोनवर सांगितलं की तिकिटं काढली, आता नाही म्हणू नका, तेव्हा मी आधी भडकलोच. दुसरी लाट जाऊन जेमतेम सात-आठ महिने झाले होते. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात लोक अजून एकमेकांच्या घरी पाणी प्यायला कचरत होते, आणि हिला आईबापाला मोठ्या जहाजात बसवून मुंबईहून गोव्याला फिरवून आणायचं सुचलं होतं. मी म्हटलं, पाण्यावरच बसायचं तर आमची वैनगंगा काय वाईट आहे? मास्तर व्हायच्या आधी मी बापाबरोबर डोंग्यातून जाळं टाकलेलं, मला पाण्याचं काय कौतुक सांगतेस? लेक मुंबईत नोकरी करते, तिला माझ्या ओरडण्याची सवय आहे. ती म्हणाली, हे तुमच्यासाठी नाहीच, आईसाठी आहे. मग मी माळ्यावरची बॅग काढली.

तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घराबाहेर पडणंच सोडलं होतं. ही बाई मास्तराची बायको झाली तरी बाजारात मासोळ्या विकायला बसायची. मी एकदा म्हटलं, आता बस झालं, लोक मला नावं ठेवतात. त्यावर तिनं मला असं काही झापलं की पुन्हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. आणि तिचं नाक! टोपलीवरचं फडकं काढलं की लगेच सांगायची, ही तलावातली, ही नदीची, अन् ही कालची आहे, माझ्या पाटीत टाकू नोको. तिला शिळा माल खपवायला कोणी धजत नसे. मला तर त्या नाकाचा शाळेतल्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता.

दुसऱ्या लाटेत तिला दोन दिवस कणकण आली आणि वास गेला. तेव्हाच सर्व्हेवाली बाई दारात आली. ताप आहे का, खोकला आहे का, वास गेलाय का? मी मागून बायकोला हळूच म्हटलं, नाई म्हण. तेव्हा ज्याच्या घरी रोगी निघे त्याच्या दाराला बांबू ठोकत. तिच्या हातची मासोळी पुन्हा कोणी घेतली नसती, असं मला वाटलं. ती ‘नाई’ म्हणाली. माझ्या धाकट्या भावाचं घर आमच्याच अंगणात. तिची जाऊ आणि ती रोज समोरासमोर बसून मासोळ्या साफ करायच्या, त्या दिवशीही बसल्या. पंधरा दिवसांत जाऊ गेली. बायकोचा वास परत आला नाही, आणि तिनं पाटी उचलली नाही. त्या ‘नाई’बद्दल आम्ही नवराबायको एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, पण ते तिला आतून खात होतं, हे मला रोज दिसत होतं. भावाला काही माहीत नव्हतं.

मुंबईत गेल्या गेल्या लेकीनं आमच्या नाकात काड्या घालायला लावल्या. बायको त्या तपासणाऱ्याला म्हणाली, घाल बाप्पा, त्या नाकात आता काई नाई. बऱ्याच दिवसांनी तिनं थट्टा केली म्हणून मी उगाचच मोठ्यानं हसलो. रिपोर्ट बरे आले. लसीचे कागद, आजारपणाचा फॉर्म, सगळं लेकीनं मोबाईलवरच भरून टाकलं आणि आम्हाला बंदराच्या दारात सोडून ती कामावर गेली.

आत कपाळाला बंदूक लावून ताप पाहिला, हातावर ते गार पाणी ओतलं. जमिनीवर आखलेल्या गोलांमध्ये उभे राहत राहत आम्ही टेबलापाशी पोचलो. नखशिखांत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेल्या मुलीनं तोंडी विचारायला सुरुवात केली. ताप? नाही. खोकला? नाही. वास, चव गेलीय का? मी ‘नाही नाही’ म्हणून पुढे सरकलोसुद्धा, आणि मागून बायको म्हणाली, ‘मले वास येत नाई.’

मुलीचं पेन थांबलं. आमच्या मागचा माणूस दोन गोल मागे गेला. मोबाईलवर तर ‘नाही’ लिहिलंय, असं ती मुलगी म्हणाली. बायको म्हणाली, लेकीनं लिवलं, मले इचारलं नाई. झालं! आम्हाला रांगेतून बाहेर काढून एका बाजूच्या खोलीत बसवलं. मी असा तापलो की विचारू नका. काचेतून ते जहाज दिसत होतं, आमच्या तालुक्याची सगळी कचेरी आत मावेल एवढं. लोक हसत खिदळत चढत होते, आणि आम्ही मात्र गुन्हेगारासारखे बाकड्यावर. मी म्हटलं, लेकीनं एवढ्या हौसेनं धाडलं, तोंड मिटून राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?

तिनं मास्क नीट केला आणि माझ्याकडे न बघता बोलली. ‘एक डाव तुमचं आयकून नाई म्हटलं जी. आता जहाज गेलं तं जाऊ द्या.’

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा मी.

डॉक्टरीणबाई आल्या. वयानं पोक्त, आवाज मऊ. कधीपासून वास नाही, हे त्यांनी नीट विचारलं, बायकोनं उन्हाळ्यापासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा काडी घातली, पाव तास बसवलं, मग कागदावर सही करताना म्हणाल्या की हा जुना आजार आहे, जा, पण दिवसभरात इतक्या माणसांत पहिल्यांदा कोणी ‘हो’ म्हणालं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी छाती फुगली. ही माझी बायको, असं त्या सगळ्या रांगेला ओरडून सांगावंसं वाटलं.

आता जहाजाचं सांगतो. मी नावं ठेवायला टपूनच बसलो होतो, पण तिथल्या लोकांनी मला संधीच दिली नाही. अर्धं जहाज मुद्दाम रिकामं ठेवलेलं, एकाआड एक खुर्चीवर फुली. जेवणाच्या दारात हात धुतल्याशिवाय पाऊल टाकू देत नव्हते, मग तो कितीही मोठा साहेब असो. स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नाही, पलीकडून हातमोजे घातलेले लोक वाढणार. एक बाई सकाळपासून जिन्याचे कठडे पुसत होती. शेवटापर्यंत पुसून झालं की पुन्हा पहिल्यापासून. बायको तिच्याजवळ, नेमून दिलेल्या अंतरावर, उभी राहिली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी दोघींचं हातवाऱ्यांनी छान जमलं. किती निर्मळ काम हाय हिचं, असं ती मला तीनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणात तळलेला मासा आला. मी तोंडात टाकणार तोच तिनं माझ्या ताटातला तुकडा बोटानं दाबला, उलगडून आतलं मांस पाहिलं आणि निकाल दिला: खराब नाई, पण बरफातला हाय, चार दिवसांचा. वाढणाऱ्याला मी खोदून विचारलं. तो आत जाऊन आला आणि खरंच तसंच निघालं. नाक गेलं तरी बाई गेली नव्हती हो! मला इतका आनंद झाला की मी तो चार दिवसांचा मासा दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी आम्ही वरच्या मजल्यावर उभे होतो. चहूकडे पाणी, काठ कुठंच नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की जावेनं मार्कंड्याच्या जत्रेपलीकडे काही पाहिलं नाही. आणि त्याच सुरात, घरी गेल्यावर भाऊजीले सांगीन. मी हादरलो. म्हटलं, मेलेलं माणूस परत येत नाही, भाऊ मात्र आयुष्याचा तुटेल. तिचं ठरलं होतं.

गावी पोचलो त्याच दिवशी, बॅगा तशाच ठेवून, ती अंगण ओलांडून भावाच्या दारापुढच्या सपरीत गेली. मी मागोमाग गेलो, एकटीनं ऐकून घ्यावं लागू नये म्हणून. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ताप आला होता, वास गेला होता, सर्व्हेवालीशी खोटं बोलले, आणि तशीच जावेजवळ मासोळ्या साफ करत बसले. माझं नाव तिनं घेतलं नाही. मीच तसं म्हणायला लावलं, हे मी सांगितलं.

भाऊ जाळं सांधत बसला होता. त्याचे हात थांबले. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो.

‘वयनी,’ तो म्हणाला, ‘तिलेबी वास येत नव्हता. तुमच्या आधीपासून. मीच तिले म्हटलं, कोणाले सांगू नोको.’

एवढ्या महिन्यांत जी रडली नव्हती, ती माझी बायको तोंडावर पदर घेऊन रडली. दोघी जणी रोज समोरासमोर मासोळ्या साफ करत होत्या, दोघींनाही वास येत नव्हता, आणि दोघी नवऱ्याचं ऐकून गप्प होत्या.

‘तिनं मले सांगतलं असतं,’ ती म्हणाली, ‘तं मीबी तिले सांगतलं असतं.’

आम्हा दोघा भावांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.