सातव्या आवर्तनाचा अंधार

'उत्स्फूर्त' हा शब्द कोणी उच्चारला की माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटतं. मागे एका कार्यक्रमात निवेदिकेने तो चार वेळा वापरला. चौथ्या वेळी मी उठून सरळ बाहेर आलो. बायको म्हणाली, पित्त झालं असेल. पित्त नव्हतं. त्या एका शब्दावर मी आठ-दहा वर्षं मिरवून घेतलं आहे, त्यामुळे त्याची चव मला चांगली ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकात नागपुरात आमचा एक बँड होता. बँड म्हटलं की लोकांना वरातीतले लाल कोटवाले आठवायचे, म्हणून आम्ही आपले 'ग्रूप' म्हणायचो. जाझ आणि आपले राग एकत्र करून वाजवायचो. याला फ्यूजन म्हणतात हे आम्हाला डॉक्टरने सांगितलं. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर. रामदासपेठेत त्याचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली. परदेशातल्या भावाने त्याला इलेक्ट्रिक गिटार आणि खोकंभर रेकॉर्डी पाठवल्या होत्या. खोली त्याची, अँप्लिफायर त्याचा, मी वाजवायचो तो इलेक्ट्रिक ऑर्गनही त्याचाच, तेव्हा ग्रूप कोणाचा हे वेगळं सांगायला नको. मी शाळेत गणित शिकवायचो. सॅक्सोफोनवर रेल्वेतून रिटायर झालेले एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब होते. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचांना वाजवून वाजवून त्यांची छाती भात्यासारखी झाली होती.

चौथा माणूस मी आणला. तबल्याला.

इतवारीत आमच्या घरामागे एका विणकराचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पावड्या दाबायच्या आणि धोटा इकडून तिकडे पळवायचा. त्या खटखटीवर मी वर्षानुवर्षं पेपर तपासले. आधी डोकं उठायचं. मग माझ्या लक्षात आलं की ही खटखट रोज सारखी नसते. सकाळी वेगळी, दुपारी वेगळी, आणि मधूनच हा पठ्ठ्या एक ठोका गिळायचा आणि पुढच्या वेळी बरोबर परत द्यायचा. संध्याकाळी तो भजनात तबला वाजवायचा. एका रविवारी मी त्याला डॉक्टरच्या खोलीवर घेऊन गेलो. पहिल्या दहा मिनिटांत गार्डसाहेबांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि हिंदीत विचारलं, हा माणूस आतापर्यंत होता कुठे?

आमचा नियम एकच होता: काही ठरवायचं नाही. राग कोणता आणि ताल कोणता एवढंच बोलायचं, पुढे जे होईल ते होईल. सांगायला फार छान. प्रत्यक्षात डॉक्टर रेकॉर्डीवरून उचललेल्या चार ओळी घोळवायचा, मी त्याच्या मागे ऑर्गन धरून बसायचो, आणि खरोखर काही न ठरवता वाजवणारा माणूस एकच होता. एकदा मी त्याला म्हटलं, गेल्या रविवारचं ते शेवटचं फार सुंदर होतं, तेच वाज ना. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कालची पोळी आज पुन्हा लाटायला सांगत होतो.

"ते कसं वाजवू मास्तर? ते तं मांगच्या रविवारी होऊन गेलं न."

पहिली दोन वर्षं आम्हाला कोणी कुत्रं विचारत नव्हतं. गणपतीत वाजवलं की समोरून चिठ्ठी यायची, नागिणीची धून वाजवा. मग एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमचं वाजवणं चालू असताना वीज गेली. गिटार मेली, ऑर्गन मेला. गार्डसाहेबही दचकून थांबले. तबला मात्र थांबला नाही. हलका झाला, जरा रेंगाळला, आणि गार्डसाहेबांना अंधारात वाट दाखवावी तसा त्यांच्या सॅक्सोफोनला परत घेऊन आला. मग ते दोघं जे वाजवत गेले, तसं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं नाही. चारेक मिनिटांनी दिवे आले, डॉक्टरच्या गिटारीने झणकन उडी घेतली, आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडली.

मी त्याला नंतर विचारलं, तू थांबला कसा नाहीस?

"मागावर धागा तुटला तं तिथंच गाठ माराले लागते," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेबाचा आवाज तुटला, मी तिथंच गाठ मारली. दुसरं काय करू?"

आता पुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते, पण सांगतो. त्या आठवड्यात डॉक्टरने मला दवाखान्यात बोलावलं. एका पेशंटच्या दाताचा साचा हातात घेऊन तो म्हणाला, "मास्तर, लोक अंधाराचंच बोलून राहिले आहेत. पुढच्या प्रोग्रामले पण लाइट गेली पाहिजे." मला वाटलं, गंमत करतो आहे. तो गंमत करत नव्हता. त्याचा कंपाउंडर मेन स्विचजवळ उभा राहणार होता. प्रश्न एवढाच होता की केव्हा पाडायचा. आणि मी गणिताचा मास्तर ना. त्या संध्याकाळची सगळी आवर्तनं मी मनात परत मोजली आणि सांगितलं, सॅक्सोफोन शिरल्यापासून सातव्या आवर्तनाला. अंधार चार मिनिटांचा. माझ्या घड्याळाला रेडियमचे काटे होते, ते अंधारात दिसत. मला कोणी धमकावलं नव्हतं, मिनतवारी केली नव्हती. हिशेब जमला याचा उलट आनंदच झाला होता मला.

गार्डसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, शो म्हणजे शो. विणकराला सांगायचं नाही असं ठरलं, कारण त्याला सांगितलं तर तो बिघडेल, असं डॉक्टरचं म्हणणं. डॉक्टरच्या लेखी विणकर हाच आमचा खरा माल होता.

आणि तो दर वेळी खरं वाजवायचा, हेच तर मला सहन होत नाही. अमरावतीला, जबलपूरला, वर्ध्याला, जिथे जाऊ तिथे सातव्या आवर्तनाला दिवे जायचे, आणि हा माणूस दर वेळी मनापासून नवी गाठ मारायचा. एकाही अंधारात त्याने आधीचं वाजवलं नाही. वर्तमानपत्रात 'उत्स्फूर्त प्रतिभा' छापून यायचं आणि खाली फोटो डॉक्टरचा. एकदा परतीच्या एसटीत त्याने मला भाबडेपणाने विचारलंही, "मास्तर, आपल्याच वेळी लाइट काहून जाते गा?" मी म्हटलं, तुझं नशीब जोरावर आहे. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून हसला. मीही हसलो.

कार्यक्रम वाढले तसा त्याचा माग मागे पडला. पातळं वेळेवर होईनात, व्यापाऱ्याने सूत दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली. तो माझ्याकडे आला. माग ठेवू का तबला ठेवू, तुमी सांगा. त्याची आईही दारात उभी होती. त्या बाईने माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहिलं तसं वर्गात कधी कोणी पाहिलं नाही. मी म्हटलं, माग सोड. मुंबई-दिल्ली बोलावेल आपल्याला. आठवड्याभरात त्याने बापाचा माग उखडून उमरेडच्या चुलतभावाला देऊन टाकला, आणि खड्डा मातीने बुजवून वर सारवून घेतलं. मी मागच्या खिडकीतून पाहिलं. त्या दिवसापासून पेपर तपासायला घरात फार शांतता झाली.

त्याच वर्षी शहरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. विणकराने बहिणीच्या नवऱ्याला खास बोलावलं होतं. ते खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला होते, तिथल्याच कॉलनीत राहायचे. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खुर्ची मिळाली नाही म्हणून दाराशी उभे राहिले. सातव्या आवर्तनाला अंधार झाला. हॉलभर टाळ्या, लोकांना आता या अंधाराची सवय झाली होती. पण दाराशी उभ्या माणसाला बाहेर रस्त्यावरचे दिवे दिसत होते. समोरच्या हॉटेलात ट्यूबलाइट लख्ख. आयुष्य विजेत गेलेला माणूस, त्याच्या डोक्यात पहिला विचार काय येणार? हॉलचा फ्यूज उडाला. मेव्हण्याचा कार्यक्रम बिघडू नये म्हणून ते धावत बोर्डापाशी गेले. तिथे कंपाउंडर उभा होता. त्याला बाजूला सारून त्यांनी स्विच वर केला.

दिवे दीड मिनिटातच आले.

विणकराचे डोळे मिटलेले होते, मान सॅक्सोफोनच्या बाजूला कललेली, बोटं चालू. डॉक्टर खिशातला कंगवा काढून भांग पाडत होता, कारण दिवे आल्यावर लोकांचे डोळे त्याच्यावर जाणार होते. मी मनगट नाकाशी धरून घड्याळ पाहत होतो. गार्डसाहेबांचा एक डोळा माझ्यावर, इशाऱ्यासाठी. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने विणकराने डोळे उघडले. त्याने आधी कंगवा पाहिला, मग घड्याळ. माझा हात तसाच वर राहिला होता. तो खाली घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.

तो थांबला नाही. एक तिहाई घेतली, समेवर आला आणि तबल्यावरून हात उचलले. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. खूप टाळ्या पडल्या.

आत रंगमंचामागे त्याचे भाऊजी आनंदाने सांगत होते, "कोणतरी मेन स्विचच पाडून ठेवला होता, मीनं चालू केला." विणकर तबल्याला गवसणी घालत होता. गाठ मारून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुमाले माहीत होतं?"

त्या क्षणी हो म्हणालो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "मले काहीच माहीत नव्हतं गा. डॉक्टरचं काम असन."

"हाव?" तो म्हणाला. मग तबले उचलत, "बरं."

पुढच्या रविवारी तो आला नाही. महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा केला आणि मला बाजेवर बसवलं. मुलगा खापरखेड्याला गेला आहे, जावयाकडे वायरिंगचं काम शिकतो आहे, असं तिने सांगितलं. उठताना माझ्या ध्यानात आलं की बाज मागाच्या जागेवर टाकली आहे. चहा मी पूर्ण प्यायलो होतो.

आणि ग्रूप? चांगला चालला की. लाज वाटून कोणी मरत नाही. आम्ही एक ड्रमवाला आणला, तो सांगितलेलं तंतोतंत वाजवायचा. अंधार आता हँडबिलावर छापला जायचा. गार्डसाहेब मुलीकडे परदेशी गेले, जाताना मला म्हणाले की त्या तबलेवाल्याबरोबर अंधारात वाजवलेलं तेवढं ते बरोबर नेणार आहेत, बाकी इथेच ठेवतात. त्यांच्या जागी दुसरा आला. ऐंशीनंतर आम्ही लग्नाच्या रिसेप्शनपर्यंत पोचलो. सॉसमध्ये बोटं बुडवणाऱ्या लोकांसमोर आम्ही उत्स्फूर्त वाजवायचो, आणि गुलाबजामाच्या रांगेतून कोणी तरी ओरडायचं, आता लाइट घालवा.

अशाच एका रिसेप्शनला, संध्याकाळी वाजवायला बसण्याआधी, डॉक्टर मला म्हणाला की कंपाउंडर आलेला नाही, मंडपाच्या लाइटवाल्याला सांगून ये. मी मंडपामागे गेलो. लाइटवाला उकिडवा बसून वायरीला टेप गुंडाळत होता. पाठमोरा होता, पण त्याच्या बोटांच्या चालीवरून मी ओळखलं. तो वळला. केस पांढरे झाले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने हात पुसले. मी काय सांगायला आलो आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"कितव्या आवर्तनाले बंद करू मास्तर?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो कामाचं विचारत होता.

"सातव्या," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी दिवे बरोबर समेवर गेले. कंपाउंडरला इतक्या वर्षांत ते एकदाही जमलं नव्हतं, नेहमी अर्धी मात्रा इकडेतिकडे व्हायची. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अंधारात ड्रमवाला पाठ केलेलं वाजवू लागला, आणि मी ऑर्गनवर हात ठेवून, मंडपामागे स्विचजवळ उभा असलेला माणूस ते ऐकतो आहे हे माहीत असताना, चार मिनिटं बसून राहिलो.