‘ऑसम’ न म्हणण्याचा सराव

माझी मुलगी इंग्लंडमध्ये डॉक्टरकी शिकते असं सांगितलं की अमेरिकेतल्या बॉथेल गावातली आमची मित्रमंडळी हमखास ‘का?’ विचारतात. त्यांच्या दृष्टीनं हा रस्ता उलटा आहे. जग शिकायला अमेरिकेत येतं आणि ही इथे जन्मलेली मुलगी इथून उठून तिकडे जाते. पण कारण अगदी साधं होतं. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं कॉलेजात दुसरं काहीतरी शिकायचं आणि मग मेडिकलचं दार वाजवायचं. ब्रिटनमध्ये आपल्यासारखं, शाळा संपली की थेट मेडिकल. मुलीला ती मधली चार वर्षं नको होती. आम्ही दोघंही बारावीनंतर मेडिकल किंवा इंजिनिअरिंग याशिवाय तिसरी वाट नसलेल्या घरांत वाढलेलो, त्यामुळे आम्हाला यात वावगं काही वाटलंच नाही.

सगळ्यांत जास्त आनंद माझ्या नवऱ्याला झाला, कारण मुलीला व्हिसा लागणार होता. या देशात आमचं अर्धं आयुष्य व्हिसाच्या कागदांत गेलं आणि मुलगी मात्र जन्मापासून अमेरिकेच्या निळ्या पासपोर्टवर सुखात. आता ती पहिल्यांदा परदेशी विद्यार्थिनी होणार होती आणि तिचे बाबा या विषयातले तज्ज्ञ होते. त्यानं रंगीत खुणांची फाइल केली, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढल्या आणि बोटांचे ठसे द्यायला जायच्या आदल्या दिवशी तिला हाताला क्रीम लावू दिलं नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अ फॉर्म.” त्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिनं क्रीमची बाटली परत कपाटात ठेवली.

पहिलं वर्ष छान गेलं, निदान आम्हाला तसं वाटलं. तिच्या प्रत्येक निबंधाला तिचे सर ‘क्वाइट गुड’ म्हणायचे. अमेरिकेत वाढलेल्या मुलीनं त्याचा अर्थ ‘फारच छान’ असा लावला आणि ती खूश राहिली. मी पुण्यात वाढलेय. कुणी माझ्या आमटीला “तशी बरी झालीय” म्हणालं तर त्याचा अर्थ काय, हे मला सांगावं लागत नाही. मला तेव्हाच शंका आली होती, पण मी बोलले नाही.

जूनमध्ये ती घरी आली. तिसऱ्या दिवशी डिशवॉशरमधली भांडी काढता काढता, माझ्याकडे पाठ करून, तिनं सांगितलं की ती एका परीक्षेत नापास झालीय आणि ऑगस्टच्या शेवटी ती पुन्हा द्यायचीय.

लेखी पेपर सगळे सुटले होते. गाडी अडली होती ती प्रात्यक्षिकात. त्या परीक्षेत म्हणे ओळीनं खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एक रुग्ण, म्हणजे रुग्णाचं काम करणारा नट किंवा नटी, आणि कोपऱ्यात गुण देणारे परीक्षक. दहा मिनिटांत रुग्णाशी बोलून त्याला काय होतंय ते काढून घ्यायचं. घंटा झाली की पुढची खोली.

“मग अवघड काय होतं?” मी विचारलं.

तिनं फोन काढून परीक्षकांचा शेरा वाचून दाखवला. त्याचा मतलब असा होता, की उमेदवाराचं ज्ञान उत्तम आहे, पण ती रुग्णाच्या प्रत्येक वाक्याला ‘ऑसम’ म्हणते. एका आजीबाईंनी आपले पती गेल्या वर्षी वारल्याचं सांगितलं. त्यावर उमेदवार म्हणाली, “ओके, ऑसम.”

मला हसू आवरायला वेळ लागला. ती रडवेली होऊन म्हणाली, “आय वॉज नर्व्हस, आई. मी पुढचा क्वेश्चन थिंक करत होते.”

आणखीही एक घोळ होता. तिकडच्या एका म्हाताऱ्या नटानं ‘माझ्या वॉटरवर्क्सचा त्रास आहे’ असं सांगितलं होतं. तिकडे लघवीला आडून असं म्हणतात. हिनं त्याला अतिशय सहानुभूतीनं विचारलं, “प्लंबरला बोलावलंत का?”

मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. चूक सापडली की ती पुन्हा पुन्हा घडवून बघायची, हा आमचा नियम. त्याच आठवड्यात मी कार्डं लिहायला बसले. प्रत्येक कार्डावर एक रुग्ण: वय, तक्रार, घरची परिस्थिती, आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही अशी एक गोष्ट. रुग्ण घरातलेच होते. शनिवारी चार वाजता आमच्या बैठकीच्या खोलीत पहिला दवाखाना भरला. माझ्याकडे एक स्टीलची वाटी आणि चमचा. मुलगी ‘ऑसम’ म्हणाली की मी वाटी वाजवायची, असं ठरलं.

पहिला रुग्ण माझा नवरा. कार्डावर लिहिलं होतं, पोटात तीव्र वेदना.

“कधीपासून दुखतंय?” मुलीनं विचारलं.

“चालायचंच.”

“पेन किती आहे? दहापैकी?”

“एवढं काही नाही. तुझं चालू दे.”

“बाबा, यू आर सपोज्ड टू बी इन पेन.”

“असू दे ना. होईल बरं.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “खरा रुग्ण असाच असतो. याला गेल्या वर्षी अंगात ताप असताना डॉक्टरकडे नेलं, तर यानं डॉक्टरलाच कसे आहात म्हणून विचारलं.”

दुसरी रुग्ण माझी मैत्रीण. मुलीची ती मावशी. बायोटेकमध्ये काम करते, पण कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत तिला अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि पहिलं न मिळाल्याचं शल्य तिनं अमेरिकेपर्यंत आणलंय. कार्डावर नुसतं ‘चक्कर येते’ एवढं लिहिलं होतं. ती मुद्दाम चुरगळलेली साडी नेसून आली, दारातून भिंत धरत धरत चालत आली आणि सोफ्यावर अशी कोसळली, की आमचा एक लॅम्प पडला.

“दोनदा शुद्ध हरपली माझी, डॉक्टर,” ती क्षीण आवाजात म्हणाली.

“ओके, ऑसम.”

मी वाटी वाजवली. मावशीनं एक डोळा उघडला. “मी इथे मरायला टेकलेय आणि मागे देवळातली घंटा काय वाजवतेस?”

पहिल्या दिवशी वाटी अकरा वेळा वाजली. दुसऱ्या शनिवारपर्यंत मुलीनं ‘ऑसम’ सोडलं आणि ‘परफेक्ट’ धरलं. मग मी ‘परफेक्ट’लाही वाजवू लागले, नंतर ‘ग्रेट’ला. तिची सगळी शस्त्रं काढून घेतल्यावर ती नुसती तोंड उघडं ठेवून बसायची.

“मग मी म्हणू काय?” ती शेवटी वैतागून म्हणाली.

“‘हं’ म्हण,” असा आवाज खुर्चीतून आला.

हे आमचे नागपूरचे काका. आमच्यापासून तीन घरं सोडून त्यांचा मुलगा राहतो. पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुलाकडे आले. वॉटरवर्क्सचा किस्सा ऐकून ते स्वतःहून रुग्ण व्हायला तयार झाले होते. “ते माझंच खातं आहे,” म्हणाले. पहिल्या कार्डावर त्यांनी लघवीच्या तक्रारीचं वर्णन व्हॉल्व्ह, दाब आणि गळती अशा शब्दांत इतकं नेमकं केलं, की मुलगी म्हणाली, हे पुस्तकापेक्षा क्लिअर आहे.

“नुसतं ‘हं’?” तिनं विचारलं.

“नुसतं कसं? हे बघ पोरी, एक जण सांगणार आणि एक जण हुंकार देणार. हुंकार थांबला की सांगणारा थांबते. ‘हं’ म्हणजे ऐकून राहिलो. ‘हंऽ’ म्हणजे वाईट वाटलं. आणि ‘हं, मंग?’ म्हणजे पुढं बोल.”

मग त्या दोघांनी पंधरा मिनिटं एकमेकांसमोर बसून हुंकारांचा रियाज केला. नवरा वरून खाली येऊन विचारून गेला, कुणाचं पोट दुखतंय का.

तिसऱ्या शनिवारी माझ्याकडून चूक झाली. मी कार्डं पिसून वाटली आणि वाटताना वाचली नाहीत. काकांच्या हातात जे कार्ड गेलं ते मी त्या परीक्षेतल्या आजीबाईंवरून बेतलं होतं. झोप लागत नाही. विचारल्यास सांगणे, जोडीदार गेल्या वर्षी वारला. काकू जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्या गेल्या म्हणून तर काका इथे आले होते.

त्यांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं. मी बघितलं आणि हात पुढं केला. “काका, ते नको. दुसरं देते.”

“राहू दे,” ते म्हणाले. “याला पाठांतर लागणार नाही.”

मुलीला यातलं काही कळलं नव्हतं. तिनं फोनवर दहा मिनिटांचा गजर लावला आणि नेहमीसारखी सुरुवात केली. “काय त्रास होतोय तुम्हाला?”

“झोप लागत नाही.”

“कधीपासून?”

“मिसेस गेल्या तेव्हापासून.”

आता तिला कळलं. तिचा चेहरा बदलला, ओठ हलले. माझ्या हातात चमचा तसाच होता. मावशी सोफ्यावर ताठ बसली. मुलगी हळूच म्हणाली, “हं.”

“तिला पहाटेच चहा लागायचा. माझ्या आधी उठायची. भांड्यांचा आवाज आला की मी कुरकुर करायचो, झोपू दे म्हणून.” काका थांबले. मुलगीही थांबली. “आता आवाज नाही तर जाग येते.”

“हं.”

“इथं पोरगा-सून आठला उठतात. मी चारपासून किचनमध्ये बसतो.”

“मग चार टू आठ काय करते तुम्ही?”

तिचं मराठी असंच आहे. काका हसले. “भांडी लावतो. आवाज न करता भांडी लावणं सोपं नाही. सहा महिने लागले शिकायला.”

मग ते बोलतच राहिले. काकूंना जिन्यावर दम लागायचा आणि त्या घरात कुणालाच सांगायच्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं. आपण विचारलं नाही, हेही सांगितलं. दहा मिनिटं झाल्याचा गजर वाजला. मुलीनं तो हातानं चाचपडून बंद केला आणि नजर मात्र त्यांच्यावरून काढली नाही. मी चमचा खाली ठेवला. माझ्या लक्षात आलं, हे आमच्याकडे दीड वर्ष जवळजवळ रोज चहाला येतात आणि यातलं एक अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं. मी दर वेळी त्यांना “काका, अजून पोहे देऊ?” एवढंच विचारत आले होते.

शेवटी काकांनी चष्मा पुसला. “झाली का पास?”

मुलगी पुढं सरकली. तिनं विचारलं, “हे कार्डावरचं होतं की रिअल? तुम्हाला खरंच स्लीप नाही?”

“आधी नव्हती. आता कधी कधी पाचपर्यंत लागते. प्रगती आहे.”

“मी जेट-लॅग्ड असते. मी पण पाचला उठते.”

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं पहाटे नदीकाठच्या ट्रेलवर फिरायला जाऊ लागली. तिचा जेट लॅग खरं तर केव्हाच संपला असणार, पण फिरणं ऑगस्टपर्यंत चाललं. नाश्त्याच्या वेळेला ती घरी यायची तेव्हा तिच्या तोंडात नवनवे शब्द असायचे. एकदा बाबांना म्हणाली, “तुम्ही काय करून राहिले?” सांगलीत वाढलेल्या माझ्या नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं, हिला नेमकं कुठल्या देशात शिकायला पाठवलंय.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम तिला फोन केला नाही. मैत्रिणीनं केला आणि म्हणे, भूमिकेत शिरण्याबद्दल अर्धा तास मार्गदर्शन केलं. निकाल आला तेव्हा माझी सकाळची मीटिंग चालू होती. कुणीतरी एका बिघडलेल्या बटणाबद्दल बोलत होतं. फोनवर मुलीचा एकच शब्द दिसला, ‘पास’, आणि मी माइक चालू आहे हे विसरून मोठ्यानं म्हणाले, “झाली बाई एकदाची.” पडद्यावरच्या आठही चौकटींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बटण दुरुस्त झालं. मी ती मीटिंग तशीच आनंदात संपू दिली आणि बटणाचं काय ते दुपारी बघितलं.

काकांना सांगायला मी स्वतः गेले. पोहे नेले नाहीत, नुसतीच जाऊन बसले. त्यांनी निकाल ऐकला, मान हलवली आणि मग तासभर काकूंबद्दल बोलले. थंडी पडायच्या आत ते चार महिन्यांसाठी नागपूरला गेले.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि खऱ्या रुग्णांसमोर उभी राहते. तिला आमची गरज उरलेली नाही. खरी पंचाईत झाली ती माझ्या मैत्रिणीची. शनिवारी चार वाजले की तिला चैन पडेना. शेवटी तिला कळलं, की इथल्याही एका मेडिकल कॉलेजला असे खोटे रुग्ण लागतात. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे दुसरं काम धरायला अडचण नव्हती. मुलाखतीत तिनं त्यांना म्हणे आपली चक्कर करून दाखवली आणि त्यांनी तिला जागच्या जागी घेतलं. आता महिन्यातून दोनदा ती आजारी पडते. मध्यंतरी तिला पित्ताशयाचे खडे होते, त्याआधी अर्धशिशी होती. तपासायला आलेली मुलं घाबरली की तिला फार बरं वाटतं.

परवा तिचा फोन आला. या वेळी पाठदुखीनं बेजार झालेली ट्रक चालवणारी बाई व्हायचंय, आणि ट्रक चालवताना पाठ नेमकी कशी असते हे तिला जाणून घ्यायचं होतं. गाड्यांचं काय ते यालाच विचार, म्हणून मी फोन नवऱ्याकडे दिला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला काय माहीत? मी रोज रेडमंडला ऑफिसात बसनं जातो.”