चादरीवरचं कुर्तुबा

स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात मी कधीही पाऊल ठेवलेलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? न गेलेली माणसंच जास्त. खरं आहे. पण मी तिथे जाऊन आलोय असं एका माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला.

त्यांना सगळं इस्पितळ चाचा म्हणायचं. रियाधच्या त्या सरकारी इस्पितळात चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं त्यांच्या ताब्यात. तळघरातल्या बिनखिडकीच्या लिनन रूममध्ये छतापर्यंत पांढरे गठ्ठे आणि मधोमध एका स्टुलावर चाचा. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे. मी भूल देणारा डॉक्टर, वयाने तिशीतला, नुकताच आलेला. मराठी बोलायला मिळतं म्हणून चहाला तिथे जायचो.

बोलता बोलता ते मांडीवर एक चादर पसरायचे. तळहाताने तिची एक सुरकुती उभी करायचे आणि म्हणायचे, "एकच दिवस आहे, डॉक्टर. म्हणूनच घाई नको."

तो दिवस कुर्तुबाचा. कोर्दोबाला ते अरबी नावानेच ओळखायचे. चाचांचे वडील बोटीवर खलाशी होते. एकदा त्यांची बोट स्पेनच्या किनाऱ्याला लागली. तिथून कुर्तुबाची जुनी मशीद एका दिवसात पाहून परत येता आलं असतं. कप्तानाने सुट्टी दिली नाही. "बाप मरेपर्यंत तेवढंच बोलायचा," चाचा सांगत. "एक दिवस मिळाला असता तर दोन रकात नमाज पढलो असतो, म्हणायचा. आता बापाच्या नावाने मी पढणार. सकाळी जायचं, संध्याकाळी खलास." दोन रकात म्हणजे नमाजेची दोन छोटी आवर्तनं, पाच मिनिटांचं काम.

पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून निघून गेलं की मी एका कोर्ससाठी माद्रिदला गेलो होतो. चाचा स्टुलावरून उठलेच. माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मग कुर्तुबा पाहिलंत?"

खरं तर माद्रिदला माझं पोट बिघडलं होतं आणि मोकळा दिवस मी हॉटेलच्या खाटेवर काढला होता. कोर्दोबाची माहितीपत्रकं तेवढी उशाशी होती. पण तो चेहरा असा होता की 'नाही' म्हणवेना. "हो," म्हणालो. "एक दिवस जाऊन आलो."

"आणि आत नमाज पढू देतात?"

"देतात की. मी पाहिलं पढताना."

पाहिलं म्हणे! आत आता चर्च आहे एवढंच मी वाचलेलं. पण एकदा सुरुवात झाल्यावर मी भरपूर पुरवलं. पूल, नदी, संत्र्यांच्या झाडांचं अंगण, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी हे माहितीपत्रकातलं. रंग भरावा म्हणून एक माणूस मात्र मी पदरचा घातला. अंगणाच्या दाराशी एक आंधळा म्हातारा माठ घेऊन बसतो आणि येणाऱ्याला पाणी देतो, असं सांगितलं. चाचा खूश झाले. "म्हणजे मुसाफिराची सोय आहे अजून," म्हणाले.

चाचांचा बेत त्या चादरीवर वाढत गेला. मधली लांब सुरकुती म्हणजे नदी. तिच्यावर आडवी घडी टाकली की पूल. कोपरा चिमटीत धरून उचलला की मशिदीचा मनोरा. कुठल्या गल्लीतून जायचं, ऊन चढल्यावर कुठल्या भिंतीला सावली असेल, नमाजेआधी हातपाय धुऊन वजू कुठे करायचा, शिदोरी कुठे सोडायची. शिदोरीत काय हाही प्रश्न होताच. "तांदळाची भाकर परदेशात टिकेल काय हो?" असं गंभीरपणे विचारायचे. परतीला नदीच्या बाजूने यायचं की गल्लीतून, यावर तर आमचं एकदा भांडण झालं. मी न पाहिलेल्या गल्लीसाठी मी हट्टाने भांडलो!

मग आखातात लढाई सुरू झाली.

रजा बंद झाल्या. आमचे पासपोर्ट इस्पितळाच्या ऑफिसात कपाटात होते ते तिथेच राहिले. सायरन वाजला की आमच्या मजल्यावरचे सगळे लिनन रूममध्ये जमायचे, कारण तिला खिडकी नव्हती. चाचा दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायचे, उंबऱ्याशी ओला टॉवेल कोंबायचे, आणि आम्ही विषारी वायूच्या भीतीने रबरी मुखवटे चढवून गठ्ठ्यांवर बसायचो. मुखवट्यात प्रत्येकाला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. काचेवर वाफ धरते. समोरची माणसं ओळखू येत नाहीत.

एका संध्याकाळी केरळची एक नर्स थरथरायला लागली आणि मुखवटा ओढून काढू लागली. चाचांनी तिच्या समोर चादर पसरली. विहिरीच्या तळातून यावा तसा त्यांचा आवाज आला, "सिस्टर, बैठो. अभी पूल पे आए हैं. आहिस्ता चलना, पत्थर चिकना है."

ती बसली. आम्ही सगळेच बसलो. चाचा त्या सुरकुतीवरून बोट पुढे नेत राहिले आणि वर कुठेतरी जमीन हादरली तेव्हा आम्ही संत्र्यांच्या अंगणात होतो.

त्यानंतर ती रीतच पडली. सायरन झाला की नर्स विचारायची, "चाचा, आज किधर तक जाएँगे?" कमानींत शिरल्यावर सगळ्यांचे श्वास एका लयीत यायचे, हे मी पाहिलंय. माझं कामच श्वास मोजण्याचं. एकदा मुखवटा काढल्यावर ती नर्स म्हणाली, "संतरे के फूल की बास आई ना?" खोलीत रबराचा आणि फिनाइलचा वास होता. तरी दोघांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. मलाही आला होता.

मग ती संध्याकाळ. चाचांचं बोट अंगणाच्या दाराशी येऊन थांबलं. पुढे जाईना.

"काय झालं चाचा?" मी विचारलं.

"तो आंधळा आज जागेवर नाही."

"कोण?"

"तुमचा आंधळा ओ. माठ आहे. तो नाही."

मुखवट्याच्या काचांमागे त्यांचे डोळे दिसत नव्हते. थट्टा करत असतील असं वाटलं, पण चाचा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चादर घडी करून ठेवली. "आज इथूनच परत फिरू," म्हणाले. त्या दिवशी इस्पितळाला काही झालं नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण मी रचलेला माणूस माझ्या नकळत उठून कुठे गेला, या विचाराने मला कितीतरी दिवस झोप लागेना. पुढच्या वेळी चाचा सहज म्हणाले, "आला बघा परत." कुठे गेला होता, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

लढाई संपत आली तेव्हा आमच्याकडच्या इजिप्शियन सर्जनशी बोलताना मी कोर्दोबाचा विषय काढला. तो खरोखर जाऊन आलेला. म्हणाला, "तिथे नमाज पढता येत नाही. मी हात बांधून उभा राहिलो तेवढ्यात रखवालदार आला. उद्धट नव्हता बिचारा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, एवढंच."

आता नीट वाचा. आधीचं खोटं मी भिडेपोटी बोललो होतो. ते मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण हे कळल्यानंतर चाचा जाईपर्यंत मधे बराच काळ गेला, आणि त्या काळात मी रोज त्यांच्याबरोबर चहा प्यायलो.

रजा सुटल्या. चाचांनी घरी जायचं तिकीट माद्रिदमार्गे करून घेतलं. व्हिसा मिळाला तेव्हा सबंध लिनन रूमला पेढ्यांसारखे खजूर वाटले. जाताना मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. अंगात नवा कोट, बाहीला इस्त्रीची धारदार घडी. मी म्हणालो, "चाचा, एक सांगायचंय."

"बोला."

"तिथे... गर्दी असते फार."

"असू दे. गर्दीत काय, दोन रकात तर आहेत," ते हसले. "डॉक्टर, तुम्ही नसतात तर मला कुणी सांगितलं असतं? दुआत तुमचं नाव घेईन." आणि आत गेले.

ते रियाधला परत आले नाहीत. ऑफिसात कळलं की गावाहूनच नोकरी सोडल्याचं कळवलंय. लिनन रूममध्ये दुसरा माणूस आला. मी चौकशी केली नाही. कोणत्या तोंडाने करणार होतो? ती नर्स मात्र अधूनमधून विचारायची, "चाचा पहुँच गए होंगे ना?" मी हो म्हणायचो.

मी भारतात परतलो, पुण्यात स्थिरावलो, केस पिकले. गेल्या महिन्यात रत्नागिरीला एका लग्नाला गेलो होतो, तिथून चाचांचं गाव विचारत विचारत गेलो. चाचा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी भेटली. शाळेत शिकवते. मी नाव सांगताच तिने आत नवऱ्याला हाक मारली, "अहो, रियाधचे डॉक्टर आलेत! अब्बांचे डॉक्टर!"

चहा आला. तीच बोलत होती. "अब्बा नेहमी सांगायचे, डॉक्टरांनी सांगितलं तस्संच आहे सगळं. पूल तसाच, अंगण तसंच. दाराशी तो आंधळा बाबासुद्धा होता. त्याने अब्बांना पाणी पाजलं."

"आणि नमाज?" मी विचारलं.

"पढले की. दोन रकात. कुणी अडवलं नाही म्हणाले."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. त्यांना हाकलून ती म्हणाली, "एकच झालं तिकडून आल्यावर. नमाजेला उभे राहिले की डावा खांदा आखडून घ्यायचे. मागून कुणी हात ठेवतंय तसा. आम्ही रत्नागिरीच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला वात आहे."

चाचांनी माझी लाज राखली होती, मुलीसमोर, मरेपर्यंत. खांद्याचं मला कळलं. आंधळ्याचं अजून कळलेलं नाही. माझी लाज राखायला चाचांनी त्यालाही सांभाळून घेतलं असेल. असंच असणार. दुसरं काही असू शकेल, हे मी मनात आणत नाही.

मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. आम्ही दोघं जातोय तिकडे, या मे महिन्यात. तिकिटं झाली. बाकीचं काही बघायचं नाही. एक दिवस कुर्तुबा. अब्बांच्या नावाने दोन रकात पढायच्यात. यांना उगाच भीती वाटते, कुणी हटकलं तर म्हणून." ती नवऱ्याकडे बघून हसली. "तुम्ही स्वतः पाहिलंय ना? सांगा यांना. पढू देतात ना?"

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"देतात," मी म्हणालो.

घरी आल्यापासून फोन समोर ठेवून बसतो आणि उठतो. तोंडाने जमत नाही म्हणून हे आधी लिहून काढलं. मे यायला अजून अवकाश आहे. तिला फोन करून मी तिथे कधीच गेलो नव्हतो हे सांगणं, आणि तिच्या वडिलांना तिथे काय झालं असणार हेही माझ्याच तोंडाने सांगणं, एवढं मी चाचांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.