तानितचं हळदीकुंकू

चैत्रातल्या हळदीकुंकवाला फिनिशियन देवी बसवण्याचा प्रकार जगात बहुधा एकदाच घडला असेल. तो दोह्यात, अल सद्दमधल्या आमच्या इमारतीत, माझ्यामुळे घडला. याचा मला आजही आनंद वाटतो.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवरा गॅस प्रकल्पावर इंजिनियर, म्हणून लग्नानंतर मी कतारला आले. माहेरी माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नवसांविरुद्ध. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. त्यामुळे कुठंही अन्याय दिसला की माझ्या तोंडून आधी मथळा बाहेर पडायचा, मग वाक्य.

आमच्या इमारतीत मराठी घरं बरीच. देव सगळ्यांचे कपाटात, आणि घरमालक भाडं न्यायला आला की कपाटाचं दार बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या नाशिकच्या काकू आमच्या सर्वाधिकारी. कैरीची डाळ कुणी करायची, पन्हं कुणी, हे त्या ठरवत. आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहायच्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स, मूळच्या लातूरकडच्या. नवरा गेल्यावर त्या इकडं आल्या होत्या. इमारतीत कुणाच्या मुलाला ताप आला, कुणाला इंजेक्शन हवं असलं, की सिस्टर. हळदीकुंकू असलं, की सिस्टर नेमक्या ड्युटीवर असणार, असं सगळ्याजणी परस्पर ठरवून टाकत.

"काकू, सिस्टरना बोलावलं का?" मी पहिल्याच वर्षी विचारलं.

"अगं, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं."

"त्या म्हणाल्या तसं?"

"म्हणायला कशाला लागतं?"

मग मी भाषण केलं. विधवा, रूढी, पुरुषसत्ता, सगळं आलं त्यात. चांगलं रंगात आलं होतं, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "डाळीत मीठ कमी झालंय का गं?" आणि सभा मिठाकडं वळली. मी कुंकू न लावता रागानं घरी आले. माझ्या जाण्यानं कुणाचं काही अडलं नाही, याचा राग वेगळाच.

समोरच्या घरात एक ट्युनिशियन बाई राहायची. शाळेत फ्रेंच शिकवायची. तिच्या भिंतीवर हातानं विणलेली एक सतरंजी होती आणि तिच्यावर जागोजागी एकच आकृती. खाली त्रिकोण, त्रिकोणाच्या टोकावर आडवी रेघ, तिची दोन्ही टोकं वर वळलेली, आणि वर एक गोल. परकर नेसलेल्या मुलीनं हात वर करून "मी आले!" म्हणावं तशी.

"ही आमची म्हातारी," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तानित. आम्ही मुसलमान व्हायच्या कितीतरी आधीची. आता तिला कुणी मानत नाही, पण विणायला बसलं की बोटांतून येते."

मग तिनं एक जाडजूड फ्रेंच पुस्तक काढून मला चित्रं दाखवली. लेबनॉनच्या किनाऱ्यावरून निघालेले फिनिशियन व्यापारी जिथं जिथं जहाजं लावत गेले, तिथं तिथं ही. कार्थेजच्या दगडांवर, सिसिलीत, सार्डिनियात. कुठं डोक्यावर चंद्रकोर, कुठं शेजारी उघडा पंजा. कुणी विद्वान म्हणतात ही बाई आहे, कुणी म्हणतात वेदी. या ट्युनिशियन बाईच्या माहेरच्या बाजूला समुद्रकाठी एक उजाड गाव आहे, तिथल्या एका घराच्या दारातच लाल जमिनीत पांढरे खडे बसवून हीच आकृती काढलेली.

"दारात?" मी विचारलं. "म्हणजे रांगोळीच की."

"नवरा होता तिला?" मी पुढं विचारलं. अल सद्दमध्ये राहून माझीही मती तशीच झाली होती.

"होता. बाल हम्मोन. मोठा देव. पण कार्थेजच्या शिलालेखांत आधी नाव तिचं, मग त्याचं."

माझ्या डोक्यात तिथंच व्रत तयार झालं.

भाषण ऐकत नाहीत ना? मग कथा ऐकतील. पुढच्या वर्षीचं हळदीकुंकू जवळ आलं, तशी मी बसले आणि चार पानी पत्रक लिहिलं: "श्रीतानितदेवी व्रत." कार्बन घालून प्रती काढल्या. एका व्यापाऱ्याच्या बायकोनं दारी आलेल्या बाईला कुंकू न लावता परत पाठवलं, म्हणून त्याचं जहाज भर समुद्रात अडकलं, अशी कथा. जहाज अडकल्याशिवाय आपल्याकडं कथेला वजन येत नाही, आणि फिनिशियन तर दर्यावर्दीच. शेवटी नियम: या देवीच्या हळदीकुंकवाला एकही बाई वगळू नये, सवाष्ण, विधवा, कुमारिका असा भेद करू नये. नाव घेताना आधी देवीचं, मग तिच्या नवऱ्याचं. नैवेद्य डाळिंबाचा.

नवऱ्यानं वाचलं आणि तो खुर्चीतून पडायच्या बेतात आला. "तू? व्रत? तुझ्या वडिलांना कळवू का?"

"कळव. म्हणावं, प्रचाराची पद्धत बदललीय."

ट्युनिशियन बाईला मी सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल अशी भीती होती. ती म्हणाली, "दोन हजार वर्षं म्हातारीच्या दारात कुणी आलेलं नाही. येऊ देत. सतरंजी हवी?"

सिस्टरना मात्र मी हे आनंदानं सांगायला गेले, तेव्हा त्या युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"मी नाही यायची."

"पण नियमच केलाय मी!"

"तेच तर. देवीच्या धाकानं कुणी मला कुंकू लावणार, तर जहाज अडकू नये म्हणून लावणार. मी काय त्यांच्या जहाजाचं वंगण हाय?" त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "ह्या बायकांच्या लेकरांना मी रात्री-बेरात्री सुई टोचते. वर्षातून एकदा एकीनं जिना चढून यावं अन् 'चला' म्हणावं. एवढंच. नसंल जमत तर तसं म्हणा. मी दुसऱ्या इमारतीत खोली बघून ठेवलीय."

हे मला ठाऊक नव्हतं. मी जिना उतरले ती पत्रक हातात चुरगाळत. पण बाकीच्या प्रती तोवर घरोघरी पोचल्या होत्या आणि संध्याकाळी काकू माझ्या दारात.

"हे कुठून आलं?"

"जुनं आहे, काकू. समुद्रापलीकडचं."

"अस्सं? मग देवीच्या कथेत 'शोषण' हा शब्द कसा आला गं? आणि इथं, जहाज सुटल्यावर, 'या जुलमी रूढीचा धिक्कार असो!' व्यापाऱ्याची बायको सभेत उभी होती का?"

काकू आत येऊन बसल्या.

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं. कथेत बाई रडते, पश्चात्ताप करते, देवी हसते. संपलं. तू निवडणुकीचं पत्रक लिहून बसलीस."

"काकू, सिस्टर इमारत सोडून जाताहेत." मग मी त्यांना जिन्याची गोष्टही सांगितली.

काकूंनी पत्रक मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला फेफरं आलं तेव्हा त्या अनवाणी धावत खाली आल्या होत्या." आणि पत्रक उचलत, "बाकीच्या ऐकायच्या नाहीत बघ. तुझं नाही, माझंही नाही. देवीचं ऐकतील. तू आता तोंड उघडू नकोस. खलास."

ठरल्या दिवशी काकूंच्या दारात मी पांढऱ्या रांगोळीनं तानित काढली. बायका आल्या, वाकून बघितलं. "देवी नवीन आहे, पण सात्त्विक वाटते," एकीनं शेरा मारला. दुसरीनं विचारलं, "उद्यापन कधी करायचं?" तिसरीला काळजी, देवीच्या नवऱ्याचं नाव नंतर घेतात, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या बढतीवर परिणाम तर होणार नाही? मी दातांनी ओठ धरून पन्हं वाटत राहिले. ट्युनिशियन बाई सोफ्यावर बसून हळदकुंकवाचं बोट लावलेलं कपाळ आरशात बघत होती. "म्हातारी खूष असेल," तिनं मला डोळा मारला.

तेवढ्यात काकू उठल्या. करंडा घेतला नाही. पदर सावरला आणि जिना चढू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या इतर वेळी वरच्या मजल्यावर निरोपही दुसऱ्याकरवी धाडायच्या. आम्ही सगळ्या खाली दारात माना वर करून उभ्या.

वरून आवाज आला. "सिस्टर, चला."

"देवीनं सांगितलं म्हणून का?"

"देवीला कसले जिने? माझे गुडघे दुखताहेत. चला लवकर."

सिस्टर आल्या. चांगली मोरपंखी साडी नेसून आल्या, म्हणजे तयार होऊनच बसल्या असणार. काकूंनी त्यांना ट्युनिशियन बाईशेजारी बसवलं आणि करंडा पुढं केला. सिस्टरनी हात आडवा धरला.

"कुंकू नको. मला त्याची हौस कधीच नव्हती. ते होते तेव्हापण नव्हती. कपाळाला खाज सुटते माझ्या."

माझी तर सगळी क्रांतीच त्या खाजेपाशी थांबली. तिसऱ्या मजल्यावरची घाबरून कुजबुजली, "अगं, मग नियम मोडला ना? जहाज..." आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. व्रताची जाणकार मीच. माझ्यापाशी नियम संपले होते.

काकूंनी चष्मा लावला, टीपॉयवरचं पत्रक उचललं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून गंभीरपणे वाचलं, "जी जे मागेल ते तिला द्यावं. न मागेल ते लावू नये. देवी हसते."

असं काही मी लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या चारही पानांत इतकं चांगलं वाक्य एकही नव्हतं.

"काय देऊ मग, सिस्टर?" काकूंनी विचारलं.

"डाळ द्या. अन् मीठ थोडं जास्त."