चतकोर भाकरीची नोंद

डॉक्टरांनी मला तीन महिने दिले. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण त्यांच्या म्हणण्याचा आवाका लहान होता. तीन महिन्यांत साखर खाली आली नाही, तर नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत, इन्सुलिन सुरू करावं लागेल. हे त्यांनी गुजरातीत सांगितलं. इतकी वर्षं सुरतेत काढल्यावर माझं असं मत झालं आहे की गुजरातीत वाईट बातमीसुद्धा जरा मऊ लागते. त्यामुळे मी मान डोलावली आणि आभार मानले.

बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने मान डोलावली नाही. तिच्या वडिलांना शेवटची सहा वर्षं रोज दोनदा सुई टोचायचं काम तिच्याकडेच होतं. भेस्तानला घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "एकले टोचं तितलं बस झायं. आते मना हात उठाव नही." एकाला टोचलं तेवढं पुरे, आता तिचा हात उठणार नाही. आम्ही दोघं मूळचे खानदेशातले. इतर वेळी ती माझ्यासारखीच शाळेतली मराठी बोलते, पण मामला गंभीर असला की अहिराणी बाहेर येते. रिक्षात अहिराणी ऐकली तेव्हा मला डॉक्टरांची गुजराती नीट समजली.

मुलगी पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. कापडाचा रंग नमुन्याशी जुळवण्यासाठी कुठला रंग किती ग्रॅम घालायचा, हे तिथे ठरतं. तिने त्याच संध्याकाळी माझ्या फोनमध्ये एक ॲप घातलं. "पप्पा, जे खाल ते यात लिहायचं. बाकी बधू ए करशे," ती म्हणाली. बाकी सगळं तेच करणार, हे ऐकून मला पहिला संशय आला. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सगळं आपणच करणार असं सांगत आलेल्या मंडळींचे पराक्रम मी दरवर्षी पोरांकडून पाठ करून घेत असे.

पहिलं ॲप माझ्याशी फार आदराने वागलं. सकाळी "सुप्रभात, योद्ध्या" म्हणायचं. पाणी प्यायलो तर टाळ्या. मी निवृत्त माणूस, पाणी पिण्याबद्दल मला कोणी टाळ्या दिल्याचं आठवत नाही, तेव्हा पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी शेवभाजी लिहिली, तर योद्ध्याला त्याने विचारलं, तुम्हाला शेवपुरी म्हणायचं आहे का? चौथ्या दिवशी फुनके लिहिले. डाळ वाटून, वाफवून केलेले हे साधे मुटके, खानदेशात कढीबरोबर खातात. ॲपने नम्रपणे कळवलं की असा पदार्थ अस्तित्वात नाही. मी ताटाकडे पाहिलं. चार होते.

दुसरं ॲप लिहिण्याच्या भानगडीत पडत नव्हतं. ताटाचा फोटो काढला की ते स्वतः ओळखायचं. त्याला मी कळण्याची भाकरी दाखवली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी रंगाने काळसर असते. त्याने ती क्षणात ओळखली: चॉकलेट पॅनकेक. दुसऱ्या दिवशी डुबुकवड्या होत्या, म्हणजे तिखट रश्श्यात सोडलेले बेसनाचे गोळे. त्याचं उत्तर आलं: गुलाबजाम, सहा नग. खाली लाल अक्षरांत माझ्या प्रकृतीविषयी चिंता व्यक्त केली होती. फोन बायकोच्या हातात होता.

"गुलाबजाम?" ती म्हणाली.

"अगं, हे तुझ्याच हातचं आहे. ताटात बघ."

"ताटातलं मले दिसी राह्यनं. दुपारना फिराले जातस, तठे काय खातस ते मले काय माहीत?"

म्हणजे यंत्राने खोटी साक्ष दिली आणि घरात चौकशी माझी सुरू झाली. तेव्हापासून मी फिरून आलो की ती काहीतरी निमित्त काढून जवळ यायची आणि शर्टाला जिलबीचा वास येतो का, ते बघायची. मला कळत नाही असं तिला वाटायचं.

तिसरं ॲप मुलीच्या कारखान्यातल्या कोणीतरी सुचवलं. त्याची जाहिरातच होती की आम्हाला तुमच्या गावचं जेवण कळतं. हे वाक्य मी निवडणुकीच्या दिवसांत बऱ्याच वेळा ऐकलं आहे, म्हणून मी त्याची तोंडी परीक्षा घेतली. फुनके? होते. डुबुकवडी? होती. भरीत नुसतं नव्हतं, हिरव्या मिरचीचं आणि वरून कच्चं तेल सोडलेलं, असं दोन्ही होतं. रविवारी आम्ही नाक्यावरून लोचो आणतो, म्हणजे वाटलेल्या डाळीचा वाफवलेला मऊ नाश्ता. तर सुरती लोचोसुद्धा तेलाचा वेगळा आणि बटरचा वेगळा. शेवटी मी दबा धरून विचारावं तसं लिहिलं: कळण्याची भाकरी. ती आली. शेजारी फोटोही होता आणि भाकरी खरोखर काळसर होती.

मी खुर्चीत मागे टेकलो. एखाद्या परक्या गावात कोणीतरी आपल्या गल्लीचा पत्ता बरोबर सांगावा, तसं झालं. शिक्षकाचा एक दोष असतो: पोराने चार अवघड उत्तरं बरोबर दिली, की पाचवं तो तपासत नाही. मी त्या दिवशी संशय घेणं थांबवलं.

पुढचे पाच आठवडे मी प्रामाणिकपणे लिहिलं. सकाळी दोन भाकरी, संध्याकाळी दोन. भाजी एक वाटी. चहा बिनसाखरेचा. ॲपमध्ये एक वर्तुळ होतं, ते रोज हिरवं व्हायचं. आणि रोज सकाळी बोट टोचून घरच्या यंत्रावर साखर बघितली की आकडा जिथल्या तिथे.

बंद केलेला संशय परत सुरू झाला, पण ॲपवर गेला नाही. ज्याला कळण्याची भाकरी माहीत आहे, ते खोटं कसं बोलेल? आधी मी टोचायच्या पट्ट्यांवर संशय घेतला आणि नवीन डबी आणली. मग यंत्रावर घेतला, त्याचे सेल बदलले. त्यानंतर घरात एकच संशयित उरला. बायको आमटीत गुळाचा खडा टाकते, नेहमीच टाकते. आता बंद केलाय म्हणते. मी गुळाच्या बरणीवर, गूळ जिथपर्यंत होता तिथे, पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली.

तीन दिवसांनी ती बरणी घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"ही रेघ कोनी मारी?"

मी पेपर वाचत राहिलो.

"तुमले काय वाटस? मी चोरी चोरी गूळ खावाडस तुमले? मले हौस शे का सुया टोचानी?"

पेपरमध्ये वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी मी तो पुष्कळ वेळ धरून बसलो. गूळ रेघेच्या वर किंवा खाली एक केसभरही सरकलेला नव्हता, हे मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. तिला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी मुलगी घरी होती. तिने दोघांचीही बाजू ऐकली. आई म्हणाली बाप बाहेर खातो, बाप म्हणाला आई गूळ घालते. मुलगी माझा फोन घेऊन वर-खाली बघत होती.

"पप्पा, आमच्याकडे शेड जुळला नाही ना, तर रंगाला शिव्या नाही घालत. पहिले काटा चेक करतो. मग वजन."

"म्हणजे?"

"म्हणजे, मम्मी, एक भाकरी आण इकडे."

तिने स्वयंपाकघरात वजनाचा छोटा काटा आणून ठेवला. बायको नुकत्याच भाकऱ्या करून उठली होती. त्यातली एक मुलीने काट्यावर ठेवली. भाकरी काट्याच्या चारी बाजूंनी बाहेर आली होती, आकडा दिसेना, मग तिने खाली वाटी पालथी घातली. एकशे नव्वद ग्रॅम. तिने फोन माझ्यासमोर धरला. कळण्याच्या भाकरीच्या त्या सुंदर फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एक नग, साठ ग्रॅम. मी पाच आठवडे रोज तो फोटो पाहत होतो आणि त्याखालची ओळ एकदाही वाचली नव्हती. पोरांना मी तळटीपा वाचायला लावायचो.

"साठ ग्रॅमची भाकरी कोण खातं?" मी म्हणालो.

"बीमार लोक," बायको म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

पण मुलीचं समाधान झालं नव्हतं. "दोन लिहिल्यात. दोनच खाता?"

"दोनच," मी म्हणालो. हे मी शपथेवर सांगितलं असतं.

"मम्मी?"

"दोनच. आन् वरतून चतकोर."

"चतकोर किती वेळा?"

"चतकोर काय भाकर शे का?" बायको खरोखर चकित झाली होती. मीही झालो होतो, हे कबूल केलं पाहिजे.

आमच्याकडे भाकरी चार तुकडे करून टोपल्यात ठेवतात. पहिली मागून घ्यायची, दुसरीही मागता येते. त्यानंतर वाढणारी चतकोर ठेवते आणि जेवणारा ताटावर हात आडवा धरतो. हात आडवा धरल्याशिवाय जेवण झालं असं होत नाही, आणि धरलेल्या हाताखालून चतकोर सरकवल्याशिवाय वाढणं झालं असं होत नाही. हे एका जेवणात तीनदा तरी घडतं. ती चतकोर कोणी मागितलेली नसते, म्हणून जेवणाऱ्याच्या खाती नसते, आणि प्रेमाने वाढलेली असते, म्हणून वाढणारीही ती धरत नाही. दोघंही ती विसरतात. आणि खाणाऱ्याच्या भाकरी मोजणं हे तर आमच्याकडे वाईटच. मोजलेलं अंगी लागत नाही म्हणतात. माझ्या बाबतीत कोणी मोजलं असतं आणि अंगी लागलं नसतं, तर बरं झालं असतं.

मुलीने हिशेब केला. मी रोज चार भाकरी लिहीत होतो आणि ॲपच्या मापाने, चतकोर धरून, सतरा खात होतो.

मग बायको उठली, ओट्याशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "म्हंजे मीच."

"तू कशी? खात तर मी होतो," मी म्हणालो. पण माझ्या आवाजात पुरेसा जोर नव्हता, कारण अर्धं लक्ष पेन्सिलीच्या रेघेकडे होतं.

त्यानंतर तिने जे केलं ते मला सगळ्या ॲपपेक्षा अवघड वाटतं. चाळीस वर्षं तिचा हात पिठात गेला की ठरावीक गोळा बाहेर येतो. तो लहान करायचा होता. पहिली भाकरी पुरीएवढी आणि विटेएवढी जाड झाली. दुसरीला थापताना मधोमध भोक पडलं. तिसरी तिने तव्यावर टाकली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"ही तं भातुकलीनी भाकर शे," ती म्हणाली. "कोनी पाव्हना उना तं काय म्हनी?"

मोजायला मात्र ती तयार नव्हती. मुलीने समजावलं, ती चिडली, तिने हात जोडले. "जेवनारनी भाकर मोजू नही," यावर बायको ठाम. मग एक दिवस पाहिलं तर टोपल्यात माझ्यासाठी दोनच लहान भाकऱ्या, आणि त्या संपल्यावर टोपलं रिकामं. सवयीने तिचा हात टोपल्यात गेला आणि रिकामा बाहेर आला. मीही सवयीने ताटावर हात आडवा धरला होता. आम्ही दोघं तसेच थांबलो.

"टोपलामा नहीच शे, तं वाढू काय?" ती म्हणाली. अशा रीतीने मोजायचं नाही हा नियम पाळला गेला. तिची स्वतःची भाकरी ती माझं ताट उचलल्यावर करू लागली.

सकाळचे आकडे हळूहळू उतरले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पट्ट्यांची आणखी एक डबी आणली. तीन महिने संपल्यावर प्रयोगशाळेत रक्त दिलं आणि अहवाल घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, जुना कागद शेजारी धरला, परत नवा पाहिला.

"हमणां इन्सुलिन नथी आपतो," ते म्हणाले. आता देत नाही. तीन महिन्यांनी परत दाखवा. साखर पुष्कळ खाली आली नव्हती, पण वाट खालचीच होती. मग त्यांनी विचारलं, असं काय केलंत? मी ॲपचं नाव सांगावं अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण त्यांनी पेन हातात घेतलं होतं. मी बायकोकडे बोट दाखवलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. बायकोने आज आपलीही भाकरी आधीच भाजून ठेवली होती. दोन लहान भाकऱ्या झाल्या. मी हात आडवा धरला नाही, आता काही येत नाही हे हाताला कळलं होतं. तेव्हा बायकोने आपल्या भाकरीतली, तिच्या मोठ्या भाकरीतली, एक चतकोर मोडली आणि माझ्या ताटात ठेवली.

मी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"आजना दिन," ती म्हणाली.

मी ती खाल्ली. भरिताबरोबर, वरून तेल सोडून. चव कशी होती ते लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी कोणाला साखर असेल. मग हात धुतले, फोन उघडला, आणि कळण्याची भाकरी शोधून तिच्यापुढे चतकोरीचे ग्रॅम घातले. ती समोर उभी राहून बघत होती.

"लिखं?"

"लिहिलं."

"मंग त्याले वाढनं नही म्हनतस," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी काटा तिनेच ओट्यावर पुढे काढून ठेवला होता.