डोरीनचा मासा

बंदरावरच्या कचेरीत एक लाकडी पाटी आहे. ऑन्टॅरिओ सरोवरातल्या सामन मासे धरण्याच्या स्पर्धेत दर ऑगस्टला सगळ्यांत जड मासा काढणाऱ्याचं नाव तिच्यावर पांढऱ्या रंगात चढतं. त्यांतली सहा नावं लापॉइंट नवरा-बायकोच्या बोटीवरून गेलेली. एक दंतवैद्य, दोन वकील, एक छपरांचा ठेकेदार. बाकीचे दोघे कोण होते, ते डोरीनला आता आठवत नाही. गळाच्या काठ्या मात्र सहाही जणांच्या हातात तिनेच दिल्या होत्या.

डोरीन एकसष्ट वर्षांची. हिवाळ्यात शाळेच्या स्वयंपाकघरात, एप्रिल ते सप्टेंबर बोटीवर. कॅप्टन तिचा नवरा, वेंडेल. तो सुकाणू धरतो आणि विनोद सांगतो. आमिष निवडणं, शिशाच्या गोळ्याबरोबर दोर नव्वद फूट खाली सोडणं, काठीचं टोक वाकलं की ती उचलून गिऱ्हाइकाला देणं आणि शेवटी माशाखाली जाळी घालणं, हे तिचं. अठ्ठावीस वर्षांत जाळीत आलेले मासे तिने मोजले नाहीत. त्यांतला एकही तिचा नव्हता. रीळ जो फिरवतो, मासा त्याचा.

मात्र गिऱ्हाईक दमलं की वेंडेल हळूच त्याच्या काठीखाली हात घालून भार घेई आणि धक्क्याला लागल्यावर ओरडून सांगे, "एकट्यानं काढला हो यानं!" गिऱ्हाइकाची छाती फुगे. सगळ्याच बोटींवर हे चाले. अपवाद फक्त स्पर्धेच्या दहा दिवसांचा. तेव्हा मासा लागल्यापासून जाळीत येईपर्यंत काठीला दुसऱ्याचा हात चालत नाही.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या शेवटच्या रविवारी लाटा बघून गिऱ्हाइकांनी फोन करून येत नाही म्हणून कळवलं. डोरीनने स्वतःच्या नावाने स्पर्धेचं तिकीट काढलं.

"आज गिऱ्हाईक मी," ती म्हणाली.

"मग बक्षिशी देशील ना?" वेंडेल म्हणाला.

"विनोद चांगले सांगितलेस तर."

दहाच्या सुमारास मासा लागला. चाळीस मिनिटं ती उभी होती. दोनदा त्याने शे-दोनशे फूट दोर ओढून नेला, दोनदा तिने तो परत गुंडाळला. मासा बोटीच्या मागे वर आला, तेव्हा पाय नीट रोवायला ती जरा सरकली. तेवढ्यात काठीखाली वेंडेलचा हात आला.

"हात काढ!"

त्याने काढला. दोन-तीन सेकंद गेली असतील. पुढचं तिने एकटीने केलं. त्याने फक्त जाळी घातली.

वजनकाट्यावर बत्तीस पौंड भरले. दुसऱ्या नंबरच्या माशापेक्षा पावणेदोन जास्त. धक्क्यावरच्या बोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर नाव रंगवायला रंगारी कधी येतो, हे तिने सहज विचारावं तसं विचारलं.

एकदा कुणी वजन वाढवायला माशाच्या पोटात शिसं भरून आणलं होतं. तेव्हापासून विजेत्याला आणि त्याच्या कॅप्टनला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवतात. सोमवारी जाताना गाडीत ती म्हणाली, "हाताचं विचारतील."

"विचारू देत. मासा तुझाच आहे, डोरीन."

"म्हणजे काय सांगणार?"

"अगं, सांगितलं ना! तुझाच."

ती आधी आत गेली. दुसऱ्या कुणाचा हात लागला का, या प्रश्नाला तिने "नाही" म्हटलं. आवाज शांत होता. त्या हाताने काहीच केलं नव्हतं, याची तिला खात्री होती.

मग वेंडेल गेला. वीस मिनिटांनी स्पर्धेच्या समितीतला आर्ट नावाचा गृहस्थ बाहेर आला. तीस वर्षांची ओळख, पण तो दाराकडे बघत बोलला.

"डोरीन, मासा बाद झाला गं. वेंडेल म्हणतो, काठी त्याने धरली. नाहीतर सुटलाच होता म्हणे."

"सुटलाच होता?"

"तो म्हणतो तसं."

परतताना गाडीत वेंडेल म्हणाला, "छातीला तो पट्टा बांधला की माणसाला खोटं बोलवत नाही. उद्या लायसन्सवर आलं असतं."

"रोज तर बोलतोस."

"ते गिऱ्हाईक. धंदा आहे तो."

"हात लागला, एवढं खरं होतं. सुटला असता, हे कुणी विचारलं होतं?"

वेंडेलने काच खाली केली. "नसता सुटला कशावरून?"

संध्याकाळपर्यंत डोरीन खोटं बोलली, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक झालं. वेंडेल सरळ माणूस, हेही.

मंगळवारी पेनसिल्व्हेनियाहून आलेला एक औषधविक्रेता बोटीवर होता. त्याला साधारण वीस पौंडांचा मासा लागला. पंधरा मिनिटांत तो दमला. वेंडेल सवयीने मागे आला आणि त्याने काठीखाली हात घातला. डोरीनने जाळी घातली.

"मीच काढला ना? एकट्यानं?" गिऱ्हाइकाने धापा टाकत विचारलं.

"एकट्यानं!" वेंडेल ओरडला. "डोरीन, सांग की यांना."

डोरीनने मासा बर्फाच्या पेटीत टाकला आणि हात फडक्याला पुसले.

"नाही," ती म्हणाली. "कॅप्टनने धरला होता. नाहीतर सुटलाच होता."

गिऱ्हाइकाला तो विनोद वाटला. ते मोठ्याने हसलं. जरा उशिराने वेंडेलही हसला. डोरीनने पुढचं आमिष लावलं आणि दोर खाली सोडला.