शेवाळाची बाजू वर

लाँड्रीवाले काका तंबूची जागा सोडतात तेव्हा तिथे कुणी राहिलं होतं असं वाटतच नाही. चुलीचे दगड ते जिथून उचलले तिथेच नेऊन ठेवतात, शेवाळाची बाजू वर. तंबूखाली दबलेलं गवत बोटांनी उभं करतात. शेजारच्यांनी टाकलेली बाटल्यांची झाकणंसुद्धा खिशात घालतात. "मागून येणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपणच पहिले," म्हणतात.

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहते. साहित्यात पदवी घेतली आहे आणि सध्या त्यांची गाडी चालवते, कारण काकांचा गुडघा धरतो. खाली दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा ओलसर वास. एखादा हट्टी डाग निघाला की काका कापड उजेडात धरतात आणि काकूंना विचारतात, "सांग बघू, कुठे होता?"

हल्ली काकू न बघताच बोट ठेवतात. "इथे."

त्यांना बघून उपयोगही नाही. समोरचं सगळं धुरकट, डोळ्याच्या कडेने तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. काकूंनी घरी येऊन चहा टाकला.

"मला आपली तळ्याकाठची जागा बघायची आहे," त्या म्हणाल्या. "दिसतंय तोवर."

लग्नानंतर घर माणसांनी भरलेलं होतं. दोघांना पहिल्यांदा मोकळेपणी बोलता आलं ते तळ्याकाठी, तंबूत. पुढे बरीच वर्षं ते तिथेच जात राहिले. मग काकांच्या गुडघ्याने एवढ्या लांब जाणं थांबवलं, तंबू जवळपासच लागू लागला.

मी दोघांना घेऊन गेले. तळं होतं. तंबूही होते, काकांच्या मते पूर्वीपेक्षा पुष्कळ. जागा मात्र सापडेना.

काका काठाने पुढे गेले, मागे आले. एका झाडाशी थांबले, मग दुसऱ्या. दोन्ही झाडं सारखीच होती.

"इथेच कुठेतरी," ते म्हणाले.

"कुठेतरी म्हणजे?" काकू म्हणाल्या. "काही खूण?"

"खूण कशी असेल? आपण कधी ठेवलीच नाही."

"आपण नाही, तुम्ही. मी म्हणत होते, चूल राहू द्या. तुम्ही गवतालासुद्धा भांग पाडून निघायचात!"

मला हसू आलं, मग येईना. काका खरंच घाबरले होते. दुकानात एवढा ठाम माणूस. इथे शाळेचा रस्ता चुकलेल्या मुलासारखा उभा होता. मी उगाच झाडांकडे बघत राहिले. कुणाच्या बाजूने बोलावं, मला समजत नव्हतं.

पुढे एक लाल तंबू लागला. एक जोडपं सामान आवरत होतं. काका त्यांच्या दोरीपासून चार हात लांब थांबले. दुसऱ्याच्या तंबूच्या आवारातून ते कधीच जात नाहीत, वळसा घालतात. काकू मात्र सरळ चालत राहिल्या. दोरी पायाला लागली, ती ओलांडून आत.

"अगं, दुसऱ्याचं अंगण आहे ते!"

"अंगण त्यांचं. जागा माझी."

काका लाजेने लाल झाले. "माफ करा हं," ते दुरूनच म्हणाले, "हिला नीट दिसत नाही."

"दिसतंय," काकू म्हणाल्या.

जोडप्यातल्या मुलीने घडीची खुर्ची पुढे केली. काकू बसल्या, मान तिरकी करून पाण्याकडे बघू लागल्या. डोळ्याच्या कडेने बघायचं तर तसंच बसावं लागतं. मुलाच्या हातात अर्धी घडी केलेली सतरंजी तशीच राहिली.

"हीच," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

"पाणी डावीकडून आत येतंय. बघा."

"असं पाणी तळ्यात जागोजागी आत येतं."

"मग तुम्ही सांगा कुठली!"

मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. हीच असेल का? नसेलही. आता ते ठरवणार कोण, आणि ठरवून काय होणार, मला काहीच कळेना.

ते जोडपं निघालंच होतं. "तुम्ही लावा इथे," दोघं म्हणाली. आम्ही तंबू लावला. काकू संध्याकाळभर तशाच तिरक्या बसून होत्या. काकांनी चूल पेटवली, चहा केला, पण खुंट्या ठोकताना काठाकडे बघत होते. त्यांना अजून खात्री नव्हती.

सकाळी आवरायला घेतलं. काकांनी राख चाचपून पाहिली, लांब नेऊन पसरली. दगड नेले, शेवाळाची बाजू वर ठेवली. मग गवताशी बसले.

"अहो," काकू म्हणाल्या, "एक तरी खूण राहू द्या."

"मागून कुणी आलं तर काय वाटेल त्यांना?"

"कुणीतरी होतं, असं वाटेल. एवढं वाईट आहे का ते?"

काका गवत उभं करत राहिले. आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली लावली.

"थांब," काका म्हणाले.

ते उतरले आणि गुडघा धरत परत गेले. काचेतून मला दिसत होतं. त्यांनी एक दगड उलटा केला, जळकी बाजू वर. जरा दूर होऊन पाहिला. पुन्हा वाकून शेवाळाची बाजू वर केली. मला वाटलं, झालं. पण ते तिथेच घुटमळले, आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि दगड उचलून चुलीच्या जागी आणून ठेवला. काळी बाजू वर. मग बाकीचेही आणले.

गाडीत बसले तेव्हा त्यांचे हात काजळीने भरले होते. लाँड्रीवाल्याचे हात मी असे कधी पाहिले नव्हते. ते रुमाल शोधू लागले.

"दाखवा इकडे," काकू म्हणाल्या.

त्यांनी काकांचा हात आपल्या डोळ्याच्या कडेजवळ धरला आणि मान तिरकी केली.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "चल गं पोरी."

काकांनी रुमाल खिशात ठेवला. मला गाडी सुरू करायचं सुचायलाही वेळ लागला.